अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ: नागपुरात घरी बसून वर्षभरात ॲप बनवता येईल का?

गूगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ’ हा कोर्स फुकट आहे, नीट रचलेला आहे, आणि सोडायचाच झाला तर माणूस तो चौथ्या युनिटात सोडतो. पहिली तीन युनिटं कोणालाही आवडतात, त्यामुळे त्यांच्यावर इथे फार शाई खर्च केलेली नाही. पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

परीक्षण एका ठरावीक माणसासाठी आहे. नागपुरात राहणारा, नोकरी किंवा कॉलेज सांभाळणारा, घरी साधा लॅपटॉप असलेला, आणि जानेवारीत ‘यंदा मोबाइल ॲप बनवायला शिकायचं’ असं वहीत लिहिलेला. बर्डीत किंवा धरमपेठेत क्लास लावायचा, की हा कोर्स घरी करायचा, एवढाच त्याचा प्रश्न.

कोर्स अँड्रॉइड डेव्हलपरच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे. एकूण आठ युनिटं. क्रम असा: कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेची ओळख आणि पहिलं ॲप, पडदा मांडणं, याद्या आणि मटेरियल डिझाइन (ॲप दिसावं कसं याची गूगलची पद्धत), नेव्हिगेशन आणि ॲपची रचना, इंटरनेटवरून माहिती आणणं, माहिती फोनमध्ये साठवणं, वर्कमॅनेजर (पार्श्वभूमीत चालणारी कामं), आणि शेवटी जुन्या व्ह्यू पद्धतीशी गाठ. प्रत्येक युनिटात पाथवे, म्हणजे धड्यांचे टप्पे, त्यात हाताने करायचे कोडलॅब, शेवटी छोटी प्रश्नावली. ती सुटली की गूगल खात्यावर बॅज. प्रोग्रामिंग आधी येत नसलं तरी चालतं, हा कोर्सचा दावा खरा आहे. इंग्रजी मात्र वाचता आलं पाहिजे. भाषा सोपी आहे, पण वाचन भरपूर आहे आणि व्हिडिओ तोंडी लावण्यापुरते. नुसते व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हा कोर्स कोरडा वाटेल.

कोर्स आजच्या पद्धतीचा आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. कोटलिनला अँड्रॉइडवर अधिकृत स्थान मिळालं २०१७ मध्ये, २०१९ पासून गूगल ‘आधी कोटलिन’ म्हणू लागलं, आणि जेटपॅक कंपोझ या पडदा बनवण्याच्या नव्या पद्धतीची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. त्याआधी पडद्याची मांडणी एक्सएमएल फाइलमध्ये आणि तिला हलवणारा कोड जावामध्ये, असा दोन घरचा संसार होता. कंपोझमध्ये दोन्ही एकाच ठिकाणी कोटलिनमध्ये लिहिलं जातं. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. जुनी पद्धत अनेक कंपन्यांच्या कोडमध्ये अजून आहे, पण ती नंतर आठव्या युनिटात भेटते आणि तेवढी ओळख पुरते.

वहीत काय लिहायचं

‘कोर्स पूर्ण करणे’ हे वर्षाचं उद्दिष्ट म्हणून वाईट आहे. बॅज मिळत जातात, हात मात्र कच्चा राहतो, कारण कोडलॅबमधला कोड पाहून उतरवला तरी पाथवे पुढे सरकतो. ‘ॲप बनवायला शिकणे’ हे त्याहून वाईट, कारण ते झालं की नाही हे ठरवायचं कशाने? उद्दिष्टात ॲपचं नाव हवं, ते कोण वापरणार हे हवं, आणि त्यात काय नसेल हेही हवं.

उदाहरण घेऊ. नागपुरात बाहेरगावच्या मुलांच्या मेस गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येक मेसमध्ये खाड्यांची वही असते. कोणी कोणत्या दिवशी डबा घेतला नाही, महिनाअखेर किती पैसे वजा करायचे, यावरून दर महिन्याला थोडी कुरबूर ठरलेली. तर वहीत असं लिहा: ‘मेससाठी खाडे मोजणारं ॲप. एका फोनवर चालेल, इंटरनेटशिवाय. ग्राहक जोडता येतील, सकाळ-संध्याकाळचा खाडा टाकता येईल, महिन्याचं बिल दिसेल. लॉगिन नाही, ऑनलाइन पेमेंट नाही, व्हॉट्सॲपवर बिल पाठवणं नाही. नोव्हेंबरअखेर प्ले स्टोअरच्या बंद (निवडक लोकांपुरत्या) चाचणीत.’ ही शेवटची ‘नाही’ची यादीच वर्ष वाचवते. लॉगिन आलं की सर्व्हर आला, सर्व्हर आला की पुढचं वर्ष आलं.

आता तासांचा हिशोब. आठवड्याला ५ तास धरा. ५२ आठवड्यांतून परीक्षा, लग्नसराई, दिवाळी आणि नवतपा यांचे १२ आठवडे सरळ कापून टाका. उरले ४० आठवडे, म्हणजे २०० तास. त्यातले ४५ तास पहिल्या तीन युनिटांना, ३५ चौथ्याला, १० पाचव्यातल्या निवडक भागाला, ३० सहाव्याला, ६० स्वतःच्या ॲपला आणि २० प्ले स्टोअरच्या सोपस्कारांना. सातवं आणि आठवं युनिट या वर्षात नाही. खाड्यांच्या ॲपला ती लागत नाहीत.

कॅलेंडरवर हे असं बसतं: मार्चच्या सुरुवातीपर्यंत तीन युनिटं, एप्रिलअखेर चौथं, मेच्या मध्यापर्यंत पाचव्यातलं हवं तेवढं. मग सुट्टी. मेअखेरच्या उन्हात लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो आणि दोन मिनिटांची बिल्ड (कोडचं ॲप बनणं) पाच मिनिटं घेते. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, ती हवा दमट असते. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत सहावं युनिट. तिथून तान्हा पोळा, मारबत, गणपती, दसरा अशी सणांची रांग लागते, तरी ऑक्टोबरपर्यंत स्वतःचं ॲप. दिवाळी आटोपली की प्ले स्टोअर. डिसेंबर मोकळा ठेवा. काही ना काही मागे राहिलेलं असतंच.

पाच तास रविवारी एका बैठकीत भरून काढायची सवय लावू नका. सहा दिवसांच्या खंडानंतर ‘मागच्या वेळी काय केलं होतं’ हे आठवण्यातच बराच वेळ जातो, आणि पाचव्या तासाला केलेल्या चुका पुढच्या रविवारी निस्तराव्या लागतात. सव्वा तासाच्या चार बैठका बऱ्या. नोंद ठेवायची ती तीनच गोष्टींची: तारीख, किती मिनिटं, आणि कुठे अडकलं. तिसरा रकाना सर्वांत कामाचा, कारण तीच अडचण महिन्याभराने परत येते. दर आठवड्याला ॲप फोनवर चालू स्थितीत असलं पाहिजे आणि कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) नोंदलेला असला पाहिजे. बाकी मोजमापं कोणी भरत नाही. ‘होते ना बे, लय टाइम आहे अजून’ हे वाक्य ऑगस्टपर्यंत पुरतं, पुढे नाही.

लॅपटॉप, फोन आणि एक केबल

अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप लिहायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पण खादाड आहे. ८ जीबी रॅमवर तो चालतो. त्यासोबत एम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा नकली फोन, आणि क्रोमचे दहा टॅब उघडले की सगळं ठप्प. उपाय दोन. एक, लॅपटॉपच्या पोटात दुसरा स्लॉट रिकामा असेल तर आणखी ८ जीबी टाकून घ्या. बर्डीतल्या संगणक दुकानात जाण्याआधी मॉडेलवरून तपासा, कारण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि ती वाढत नाही. हार्ड डिस्कवर चालणारा जुना लॅपटॉप असेल तर रॅमआधी एसएसडी.

दुसरा उपाय फुकटचा: एम्युलेटर वापरूच नका, स्वतःचा फोन वापरा. फोनच्या माहितीच्या पानावर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. केबल जोडूनही फोन स्टुडिओत दिसत नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून डेटा जातच नाही. काही कंपन्यांच्या फोनवर ‘यूएसबीवरून इन्स्टॉल’ ही वेगळी कळ असते आणि ती चालू करायला त्यांच्या खात्यात लॉगिन करावं लागतं. अँड्रॉइड ११ पासून वाय-फायवरूनही जोडणी होते, पण फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर हवेत.

एम्युलेटर वापरायचाच असेल आणि तो अतिशय मंद असेल, तर संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते बघा. विंडोजवर एम्युलेटरला वेग देणारं इंटेलचं जुनं एचएएक्सएम बसवा असं सांगणारे लेख अजून सापडतात. ते २०२३ मध्ये बंद झालं, त्याच्या मागे लागू नका.

स्टुडिओ, एसडीके (अँड्रॉइडची साधनं) आणि पहिल्या ग्रेडल सिंकमध्ये, म्हणजे स्टुडिओ प्रकल्पाला लागणारे भाग गोळा करतो तेव्हा, येणाऱ्या फाइली मिळून काही जीबी उतरतात. मोबाइलच्या रोजच्या पॅकवर हे एका दिवसात होत नाही. घरी ब्रॉडबँड नसेल तर हे एक काम मित्राकडे जाऊन करा. पहिला ग्रेडल सिंक अर्ध्यात तुटला, कधी नेटमुळे, कधी लाइट गेल्यामुळे, तर लाल अक्षरांचा ढीग दिसतो. कोडला हात लावू नका. नेट परत आलं की पुन्हा सिंक करा. तरीही हटत नसेल तर ‘इनव्हॅलिडेट कॅशेस’ करून स्टुडिओ परत उघडा.

कोर्स कुठे घसरतो

पहिली तक्रार आवृत्त्यांची, आणि कापलेला गुण बराचसा इथला. कोडलॅबसोबतचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे. ‘स्टार्टर’ शाखा म्हणजे सुरुवातीचा अर्धवट प्रकल्प, ‘मेन’ म्हणजे उत्तर. घाईत मेन उतरवून ‘सगळं आधीच लिहिलेलं कसं?’ म्हणून गोंधळणारे पुष्कळ. शाखा बदलून घ्या. पुढे, प्रकल्प जुन्या आवृत्तीवर आणि स्टुडिओ नवा असला की स्टुडिओ ‘अपग्रेड करू का?’ विचारतो. कोडलॅब अर्धा असताना ‘हो’ म्हणू नका. एक आकडा बदलला की त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. सहाव्या युनिटात रूमसाठी, म्हणजे फोनमधला डेटाबेस हाताळणाऱ्या साधनासाठी, केएसपी हा जोडीदार लागतो, आणि कोर्सच्या प्रकल्पांत केएसपीच्या आवृत्तीचा पहिला भाग कोटलिनच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो. नेटवरून ताजा आकडा उचलून टाकला की बिल्ड कोसळते आणि संदेश भलत्याच ठिकाणी बोट दाखवतो.

दुसरी तक्रार आपल्याकडची. दुसऱ्या युनिटात ‘टिप टाइम’ नावाचं ॲप आहे. बिलाची रक्कम टाका, टिप किती ते सांगतं. त्यात टाइप केलेला मजकूर दशांश संख्येत बदलायला ‘टू डबल ऑर नल’ वापरलंय आणि जमलं नाही तर शून्य धरलंय. मराठी कीबोर्डवरून ‘५००’ लिहून बघा. टिप शून्य! कारण हे फंक्शन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. गंमत म्हणजे त्याचंच भावंड ‘टू इंट ऑर नल’ देवनागरी आकडे बिनतक्रार घेतं. ॲप इंग्रजी फोनवर तपासलं तर ही चूक कधी दिसणारच नाही, आणि मेसच्या काकूंच्या मराठी फोनवर पहिल्याच दिवशी दिसेल. उपाय सोपा आहे: संख्येत बदलण्याआधी मजकुरातलं प्रत्येक अक्षर तपासा, ते अंक असेल तर ‘डिजिट टू इंट’ने त्याची किंमत काढा आणि इंग्रजी अंकाची माळ तयार करा. उलट बाजूही लक्षात ठेवा. फोनची भाषा मराठी असेल तर चलन दाखवणारं ‘नंबर फॉरमॅट’ आकडे देवनागरीत देतं. दाखवायला छान, पण तोच मजकूर परत संख्येत बदलायला गेलात तर पुन्हा शून्य.

अशीच दुसरी गोष्ट पैशांची. कोर्स किंमत ‘डबल’ प्रकारात ठेवतो. शिकण्यापुरतं ठीक, हिशोबासाठी नाही. त्या प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रक्कम पैशांत, ‘लाँग’ प्रकारात पूर्णांक म्हणून ठेवा आणि दाखवताना शंभराने भागा.

आता चौथं युनिट. इथे एकदम तीन गोष्टी अंगावर येतात: ॲक्टिव्हिटीचं (ॲपच्या पडद्याचं) जीवनचक्र, व्ह्यूमॉडेल (पडद्याची माहिती सांभाळणारा) आणि स्टेटफ्लो (बदललेली माहिती पडद्याला कळवणारा). ‘अनस्क्रॅम्बल’ या शब्दखेळात कोड उतरवून खेळ चालतो, पण का चालतो ते कळत नाही, आणि तिथेच पुस्तक मिटतं. त्याआधीच्या ‘डेझर्ट क्लिकर’वर आठवडाभर थांबा. फोन केबलला, लॉगकॅट (स्टुडिओतली नोंदींची खिडकी) उघडं, आणि फक्त हे करा: ॲप उघडा, फोन आडवा करा, होमचं बटण दाबा, परत या, मध्येच कोणाला तरी फोन करायला सांगा. फोन आडवा झाला की पॉज, स्टॉप, डिस्ट्रॉय आणि लगेच नवा क्रिएट, अशी ओळ दिसते. म्हणजे जुना पडदा मेला आणि नवा जन्मला. नुसत्या ‘रिमेंबर’मध्ये ठेवलेली संख्या त्याच्याबरोबर जाते, ‘रिमेंबर सेव्हेबल’मधली टिकते. व्ह्यूमॉडेल फोन फिरवण्यातून वाचतो, पण पार्श्वभूमीत गेलेलं ॲप यंत्रणेने मेमरीसाठी मारलं तर तोही जातो. एवढं डोळ्यांनी पाहिलं की ‘अनस्क्रॅम्बल’मधली रचना आपोआप अर्थाची वाटू लागते.

दुसरा खड्डाही याच युनिटातला. यादीत नवा ग्राहक घातला, कोड चालला, त्रुटी नाही, पण पडद्यावर नाव येत नाही. कारण जुन्याच यादीत भर घातली. स्टेटफ्लो आधीची आणि नवी किंमत ताडून बघतो, दोन्ही तीच वस्तू दिसली की काही बदललं नाही असं समजून गप्प बसतो. म्हणून दर वेळी नवी यादी तयार करायची, आणि डेटा क्लास (माहिती ठेवायचा साचा) असेल तर ‘कॉपी’ वापरायचं. कोर्स ‘कॉपी’ शिकवतो, पण ती न वापरल्यास काय होतं हे पुरेसं दाखवत नाही. मुद्दाम चुकीचं करून बघा.

पाचव्या युनिटात मंगळाची छायाचित्रं आणणारं ॲप आहे. बघायला मजा येते, पण खाड्यांच्या ॲपला इंटरनेट नकोच. त्यातले कोरूटिनचे (ॲप न अडवता चालणारी कामं) दोन कोडलॅब आणि रिपॉझिटरीचा (माहिती पुरवणारा थर) एक, एवढे करा. ते गाळले तर सहाव्यात ‘सस्पेंड’ शब्द दिसला की पुन्हा मागे यावं लागेल. बाकीचं पुढच्या वर्षी.

सहावं युनिट, खाड्यांच्या वहीसकट

हे कोर्समधलं सर्वांत उपयोगी युनिट. आधी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेची उजळणी, मग ‘इन्व्हेंटरी’ ॲपमधून रूम. मालाची यादी, नग, किंमत. नागपुरी दुकानदारालाही ओळखीचं. इथे कोर्स आणि तुमचं ॲप समांतर चालवा: सकाळी कोडलॅब, संध्याकाळी तेच खाड्यांच्या ॲपमध्ये.

दोन तक्ते पुरतात. ‘ग्राहक’मध्ये क्रमांक, नाव, महिन्याचा दर. ‘खाडा’मध्ये ग्राहक क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ. घेतलेले डबे नोंदवू नका, न घेतलेलेच नोंदवा. ६० ग्राहक आणि दोन वेळा म्हटलं तर रोजच्या १२० नोंदी टाकायला कोणाला वेळ आहे? वहीतही खाडेच लिहितात, त्यामागे कारण आहे.

तारीख रूमला थेट साठवता येत नाही. ती ‘इपॉक डे’, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस, अशी पूर्णांक करून ठेवा. ‘लोकल डेट’ हा तारखेचा प्रकार अँड्रॉइड ८ पासूनच फोनमध्ये आहे. कोर्समधले प्रकल्प त्याहून जुन्या फोनसाठीही चालतात, म्हणून एक तर किमान एपीआय आवृत्ती २६ (म्हणजे अँड्रॉइड ८) वर न्या किंवा डीशुगरिंग (नव्या सोयी जुन्या फोनवर चालवणारी सोय) सुरू करा. नाहीतर ॲप तुमच्या फोनवर चालेल आणि जुन्या फोनवर कोसळेल.

घाईत दोनदा बोट लागलं की एकाच वेळचे दोन खाडे पडतात आणि मेसला पन्नास रुपयांचा फटका. ग्राहक, तारीख आणि वेळ या तिघांवर मिळून युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावा आणि टक्कर झाली तर ‘इग्नोर’. पडद्यावर बटण बंद करून हे सोडवू नका, तक्त्यातच सोडवा.

मग बिल. दोन वेळचा डबा ३००० रुपये, महिना ३० दिवसांचा, म्हणजे ६० डबे, डब्याला ५० रुपये. सात खाडे म्हणजे ३५० वजा, बिल २६५०. सोपं वाटलं? महिना ३१ दिवसांचा घ्या. ६२ डबे, डब्याला ४८ रुपये ३८ पैसे आणि वर शेपूट. आता खाड्याचा दर ५० च धरायचा की ४८? फेब्रुवारीत काय? आदल्या रात्री न सांगता पडलेला खाडा धरायचा का? याची उत्तरं कोटलिनकडे नाहीत, काकूंकडे आहेत. कोड लिहिण्याआधी जाऊन विचारा, आणि मागच्या महिन्याच्या वहीतली दहा खरी बिलं उतरवून आणा. तीच दहा बिलं ॲपच्या चाचण्या. ॲपचा आकडा वहीशी जुळेपर्यंत पडद्याच्या रंगांना हात लावायचा नाही.

रूमचा सर्वांत महाग धडा असा. तक्त्यात एक रकाना वाढवला, उदाहरणार्थ फोन नंबर, आणि डेटाबेसचा आवृत्ती क्रमांक वाढवायला विसरलात, तर ॲप उघडताच कोसळतं आणि लॉगमध्ये डेटाच्या अखंडतेची खात्री करता येत नाही असा संदेश येतो. क्रमांक वाढवलात पण जुन्या तक्त्याचा नवा कसा करायचा हे सांगितलं नाही, तरी कोसळतं. मग ‘डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो. शिकताना चालेल. पण त्याचा अर्थ जुना तक्ता पुसून नवा करणे हा आहे. ॲप मेसमध्ये एकदा लागलं आणि ही ओळ आत राहिली, तर पुढच्या अपडेटला महिन्याभराचे खाडे गेले म्हणून समजा. मायग्रेशन हाताने लिहायला शिका, एक रकाना वाढवायला एसक्यूएलची एकच ओळ लागते. तक्त्यात खरंच काय पडलंय ते स्टुडिओतल्या डेटाबेस इन्स्पेक्टरमध्ये थेट दिसतं. त्याला अँड्रॉइड ८ किंवा पुढचा फोन लागतो.

चॅटबॉटला कोड विचारणाऱ्यांसाठी एकच सूचना: मिळालेल्या कोडच्या वरच्या इम्पोर्ट ओळी आधी वाचा. मटेरियल २ आणि मटेरियल ३ यांची सरमिसळ झाली की बटण एका पिढीचं आणि रंग दुसऱ्या पिढीचे होतात, आणि चूक शोधायला संध्याकाळ जाते.

मग क्लासचं काय?

क्लासमध्ये मिळणारी खरी गोष्ट एकच: अडकल्यावर शेजारी विचारायला माणूस. कोर्समध्ये तो नाही. त्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही, पण आधी चार गोष्टी तपासा. अभ्यासक्रमाच्या कागदावर कोटलिन आणि कंपोझ आहे, की जावा आणि एक्सएमएल? फळ्यावर ‘फाइंड व्ह्यू बाय आयडी’ दिसलं तर ती जुनी पद्धत. मागच्या बॅचमधल्या कोणाचं ॲप प्ले स्टोअरवर आहे, ते तिथेच फोनवर उघडून दाखवायला सांगा. शिकवणारा स्वतः सध्या ॲप बनवतो का? आणि फी हप्त्याने भरता येते का, मध्ये सोडल्यास काय? चौथा प्रश्न विचारल्यावर चेहरे बदलतात, तेही बघून ठेवा.

येण्या-जाण्याचाही हिशोब हवा. खापरीहून किंवा लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला येणं सुखाचं आहे, तरी आठवड्यातून तीन फेऱ्या म्हणजे तुमच्या पाच तासांतले निम्मे तास प्रवासात. मधला मार्ग बरा: कोर्स घरी, आणि मिहान किंवा आयटी पार्कमध्ये काम करणारं ओळखीचं कोणी असेल तर पंधरा दिवसांतून एक तास त्याच्यासमोर कोड उघडणं. तर्री पोहे तुमच्याकडून.

आयफोनसाठी शिकायचं असेल तर हा कोर्स उपयोगाचा नाही. त्याला मॅक लागतो आणि ॲपलची वार्षिक फी ९९ डॉलर. दोन्हीकडे एकच कोड चालवायचा असेल तर फ्लटर आहे, पण मेसच्या काकूंकडे अँड्रॉइडच आहे.

प्ले स्टोअर: कोर्स इथे जवळजवळ गप्प आहे

कापलेल्या गुणाचा उरलेला भाग इथे गेला. ॲप बनलं, आता ते लोकांपर्यंत कसं न्यायचं यावर कोर्समध्ये फारसं काही हाती लागत नाही. प्ले कन्सोलचं, म्हणजे ॲप प्रकाशित करायचं, खातं २५ डॉलरला, एकदाच. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा, बहुतेक कार्डांवर ते बंद असतात. सरकारी ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यातलं नाव जुळलं पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना थेट प्रकाशन करता येत नाही. आधी बंद चाचणी, किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ झाला. बरोबर बारा जण घेऊ नका. एकजण बाहेर पडला की गणित बिघडतं. सोळा घ्या. दिवाळीला नातेवाईक घरी येतात, तेव्हाच त्यांचे जीमेल पत्ते उतरवून घ्या, आणि दुवा उघडून ‘सामील व्हा’ हे बटण समोर बसून दाबून घ्या. पत्ता यादीत असणं म्हणजे सामील होणं नव्हे, बरेच जण इथेच फसतात. चौदा दिवसांत काय सुधारलं हे पुढच्या अर्जात विचारतात, म्हणून त्यांच्या तक्रारी लिहून ठेवा.

सोबत गोपनीयता धोरणाचं एक पान, डेटा सेफ्टीचा फॉर्म आणि वयोगटाची प्रश्नावली लागते. खाड्यांचं ॲप फोनबाहेर काही पाठवत नाही, त्यामुळे फॉर्म लवकर संपतो. टार्गेट एपीआयचा, म्हणजे ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनलं त्याचा, आकडा दर वर्षी वर सरकतो. ३१ ऑगस्ट २०२५ ला तो नव्या ॲपसाठी ३५ झाला. जुन्या कोडलॅबमधून उचललेला आकडा तसाच राहिला तर फाइल चढतच नाही.

चढवायची फाइल एपीके प्रकारची नाही, एएबी प्रकारची. तिच्यावर सही करायला किल्ली बनते, त्या किल्लीची फाइल आणि दोन पासवर्ड. किल्ली प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवून गिटहबवर ढकलणारे कमी नाहीत. बाहेर ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, पासवर्ड कागदावर. प्ले ॲप सायनिंग (मुख्य किल्ली गूगलने सांभाळणं) सुरू असेल तर हरवलेली अपलोड किल्ली गूगलकडे अर्ज करून बदलून मिळते, पण तोवर अपडेट अडकतं, आणि महिन्याची एक तारीख बिलांसाठी थांबत नाही.